शेठ वालचंद हिराचंद आणि एक जुनी आगबोट



गेल्या महिन्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आपल्याच शाळेतल्या एका मुलाला चार-पाच जण चिडवत होते. त्याच्या वडिलांनी जुना ट्रॅक्टर विकत आणला होता. रंग उडालेला, टायर झिजलेले, सीट फाटलेली. घरापर्यंत तो दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढत आणावा लागला होता. मग काय, भंगारवाला, भंगारवाला म्हणून हाका सुरू झाल्या. तो मुलगा काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो डबा घेऊन एकटाच लिंबाखाली बसू लागला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. चिडवणाऱ्यांचीही लिहीत नाही, त्यांना ती ठाऊक आहेतच!

मी त्या दिवशी कुणाला रागावलो नाही. घरी आल्यावर मला एका मोठ्या माणसाची आठवण झाली. त्यांनीही एकदा जुनी वस्तू विकत घेतली होती. वस्तू साधीसुधी नव्हती हं. चांगली साडेचारशे फूट लांबीची आगबोट होती! त्या माणसाची हकिगत यंदाच्या भित्तिपत्रकात लिहितो आहे. जरा लांबली तरी शेवटपर्यंत वाचा.

त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद. नाव ऐकल्यासारखे वाटते ना? सांगलीहून मिरजेला जाताना विश्रामबागेत एक मोठे इंजिनिअरिंग कॉलेज लागते. ते कॉलेज १९४७ साली सुरू झाले आणि १९५५ पासून त्याला वालचंदांचे नाव आहे. आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले तिथे शिकून इंजिनिअर झाली. आणि रावळगावच्या गोळ्या? त्या तर तुमच्या आजी-आजोबांनीही खाल्ल्या असतील. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला माळरान विकत घेऊन तिथे ऊस पिकवणारे आणि साखर कारखाना उभारणारेही हेच वालचंद. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगरही त्यांचेच.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातेकडचे, पण सोलापुरात रुजलेले. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि जैन समाजातले नावाजलेले सुधारक होते. घरची पेढी होती. गादीवर बसावे, चोपड्या लिहाव्यात, व्याज मोजावे, की आयुष्य सुखात गेले असते. पण वालचंदांचे मन त्यात रमेना. त्यांना काहीतरी बांधायचे होते, उभे करायचे होते.

त्यांना जोडीदार मिळाले लक्ष्मणराव फाटक. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ थोडे भांडवल आणि भरपूर उमेद होती. दोघांनी मिळून रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. तो होता बार्शी लाइट रेल्वेचा. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारी ती छोटी गाडी तुमच्या आजोबांना विचारा. पंढरीच्या वारीला आपल्या भागातली माणसे त्याच गाडीने जायची. त्या रेल्वेच्या कामापासून वालचंद ठेकेदार झाले. पुढे मुंबई-पुणे रेल्वेच्या बोरघाटातल्या बोगद्यांचे कामही त्यांच्या हातून झाले.

आता समुद्राकडे वळू.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचा आणि समुद्राचा काय संबंध? आम्ही पाहिली ती येरळा, आणि तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त! खरे आहे. पण संबंध आहे बरं का. आपल्या तासगावची द्राक्षे परदेशी जातात ती कशातून? मोठ्या जहाजातून. जहाजाचे भाडे वाढले की बागायतदाराच्या हातात पडणारा पैसा कमी होतो. म्हणजे जहाज ज्याच्या मालकीचे, त्याच्या हातात तुमच्या बागेच्या पैशाचा एक दोर असतो.

शंभर वर्षांपूर्वी तो सगळा दोर इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. आपला कापूस, तांदूळ, गळिताची धान्ये, कापड, सगळे त्यांच्या आगबोटींतून जायचे. मुंबईहून रंगूनला माल न्यायचा तरी बोट त्यांची, भाडे त्यांचे, नियम त्यांचे.

आपल्या लोकांना जहाजे बांधता येत नव्हती असे मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानी लाकडाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या आरमारानेही ती घेतली. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली नावाचे जहाज दुरुस्त करून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवले आहे. मुंबईचे ते लाकूड दोनशे वर्षे उलटली तरी अजून तरंगते आहे! पण लोखंडाच्या आणि वाफेच्या जहाजांचा जमाना आला आणि आपण मागे पडलो.

कुणी प्रयत्न केलाच नाही असेही नाही. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास जपानपर्यंत आगबोटी सुरू केल्या. इंग्रज कंपनीने भाडे इतके खाली आणले की टाटांना ते बंद करावे लागले. पुढे १९०६ साली तमिळनाडूत तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तिचाही गळा असाच आवळला गेला, आणि १९०८ साली खुद्द पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. तिथे त्यांना जनावरासारखे तेलाच्या घाण्याला जुंपले.

म्हणजे वालचंदांच्या आधी जे जे या वाटेने गेले, ते ते बुडाले होते. हे वालचंदांना माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. तरी ते त्या वाटेला गेले.

आता त्या आगबोटीची गोष्ट. तिचे पहिले नाव होते एम्प्रेस ऑफ इंडिया, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. इंग्लंडमधल्या बॅरो या गावी ती बांधली गेली आणि १८९१ साली कामाला लागली. पांढराशुभ्र रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगपर्यंत ती टपाल, प्रवासी, रेशीम, चहा नेत-आणत असे. तरुणपणी मोठा रुबाब होता तिचा!

वीस-बावीस वर्षे झाली आणि नव्या, वेगवान बोटी आल्या. हिला कोण विचारतो? तेवढ्यात १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि जखमी शिपायांसाठी तिचे तरंगते इस्पितळ केले. तिचे नाव ठेवले लॉयल्टी, म्हणजे निष्ठा. हे शिंदे घराणे मूळचे कुठले, सांगा पाहू? आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे! आणि आपला तासगाव तालुकाही त्या काळी सातारा जिल्ह्यातच होता. त्या युद्धात इकडच्या कितीतरी घरांतले जवान गेले होते. काही परत आले, काही आलेच नाहीत.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. इस्पितळाची गरज संपली. बोट विकायची निघाली.

वालचंदांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी ती पकडली. आता विचार करा, बोट २८ वर्षांची. आगबोटीच्या हिशेबात म्हणजे म्हातारीच. नवी का नाही घेतली? कारण नवी मिळत नव्हती. युद्धात शेकडो जहाजे बुडाली होती. जगात जहाजांची ओढाताण चालली होती. इंग्लंडच्या गोद्यांत इंग्रजांचेच काम संपेना, तिथे हिंदी माणसाची दाद कोण घेणार? आणि आपल्या देशात समुद्रपार जाणारी मोठी आगबोट बांधणारी गोदीच नव्हती. अशा वेळी हाताशी आलेली जुनी बोट सोडायची की घ्यायची, एवढाच प्रश्न होता.

वालचंदांनी घेतली. पण एकट्याने नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशी वजनदार माणसे त्यांनी बरोबर घेतली. १९१९ च्या मार्चमध्ये कंपनी स्थापन झाली. बोट शिंदे सरकारांकडून घेतली म्हणून कंपनीचे नाव ठेवले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. सिंदिया म्हणजे इंग्रजी वळणाने लिहिलेले शिंदे. कण्हेरखेडचे नाव असे आगबोटीवर चढले.

आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबई बंदरातून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या आधुनिक कंपनीची बोट इंग्लंडच्या राजधानीला चालली होती. काठावरच्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

मुलांनो, इथे गोष्ट संपवता आली असती. टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण खरी गोष्ट अजून पुढे आहे, आणि ती मी लपवणार नाही.

लॉयल्टीने पैसा मिळवून दिला नाही.

जुन्या वस्तूचे असेच असते. घेताना एक किंमत, आणि चालवताना दुसरी. इस्पितळाची बोट पुन्हा प्रवाशांची करायची म्हणजे खर्च. जुने बॉयलर कोळसा खाणार, तोही खर्च. थोडी वर्षे ती चालली, मग उभी राहिली, आणि १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली. ज्या बोटीसाठी कंपनी काढली ती बोट चार वर्षांत संपली. किती जणांनी नावे ठेवली असतील तेव्हा!

पण वालचंद आणि त्यांचे सोबती फक्त एका बोटीवर विसंबून राहिले नव्हते. लॉयल्टीच्या मागोमाग त्यांनी इंग्लंडमध्ये मालवाहू आगबोटीही खरेदी केल्या. प्रवासी नेणे परवडत नाही हे कळल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही. माल वाहायला सुरुवात केली. रंगूनचा तांदूळ, ब्रह्मदेशाचे सागवान आपल्या किनाऱ्याला आणू लागले.

मग खरी लढाई सुरू झाली. ती कशी, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा, तासगावहून मुंबईला बेदाणा नेणारा एकच मोठा ट्रकमालक आहे. त्याच्याकडे शंभर ट्रक. तुम्ही एक जुना ट्रक घेऊन धंद्यात उतरलात. तो काय करील? भाडे निम्म्यावर आणील. तोटा त्यालाही होईल, पण तो सोसू शकतो, तुम्ही नाही. तुम्ही ट्रक विकलात की तो भाडे पुन्हा वर नेईल. शिवाय तो व्यापाऱ्यांना सांगेल की तुमच्या भाड्यातला काही भाग मी काही महिन्यांनी परत देईन, पण मधल्या काळात दुसऱ्याच्या ट्रकमध्ये एक पेटीसुद्धा टाकायची नाही. व्यापाऱ्याचे पैसे असे अडकले की तो तुमच्याकडे फिरकणारच नाही. ब्रिटिश इंडिया कंपनी आणि तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदियाशी हेच केले.

इंचकेप यांनी सिंदिया कंपनीच विकत घेण्याचीही तयारी दाखवली. भागधारकांना बरे पैसे मिळाले असते आणि डोकेदुखी संपली असती. सिंदियाने कंपनी विकली नाही. मात्र १९२३ साली इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंदियाने किती बोटी चालवायच्या, कुठे चालवायच्या, यावर बंधने होती. करार मनासारखा नव्हता. पण कंपनी जिवंत राहिली. टाटांची लाइन राहिली नाही, पिळ्ळै यांची राहिली नाही, ही राहिली. झाड वाकले, पण मुळे सोडली नाहीत.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी वारले आणि कंपनीची धुरा वालचंदांवर आली. आपल्या किनाऱ्यावरचा व्यापार आपल्याच बोटींना मिळावा म्हणून ते सरकारशी, इंग्रज कंपन्यांशी, कागदावर आणि बैठकीत वर्षानुवर्षे भांडत राहिले. १९३७ साली सिंदियाने हज यात्रेकरूंसाठी बोटी सुरू केल्या. तिथेही भाड्याची तीच कापाकापी झाली.

लॉयल्टीने वालचंदांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. दुसऱ्याची जुनी बोट घेऊन सुरुवात करता येते, पण तेवढ्यावर कायम भागत नाही. आपली बोट आपणच बांधली पाहिजे. म्हणून त्यांनी विशाखापट्टणमला गोदी उभारायला घेतली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. पुढच्याच वर्षी, १९४२ च्या एप्रिलमध्ये, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. काम रखडले. पण सोडले नाही.

आणि १४ मार्च १९४८! देश स्वतंत्र होऊन सात महिने झाले होते. त्या दिवशी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा नावाचे जहाज विशाखापट्टणमच्या गोदीतून पाण्यात उतरले. आठ हजार टनांचे, आपल्या गोदीत, आपल्या हातांनी बांधलेले. लॉयल्टी निघाली त्याला २९ वर्षे होत आली होती. बॅरो गावच्या जुन्या बोटीपासून विशाखापट्टणमच्या नव्या बोटीपर्यंतचा हा प्रवास मुंबई-लंडनपेक्षा कितीतरी लांबचा होता.

वालचंदांची इतर कामेही थोडी नव्हेत. १९४० साली बंगळूरला म्हैसूर सरकारच्या साथीने विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर कंपनी काढली. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या याच कंपनीच्या. पाण्यावर, आभाळात आणि जमिनीवर, तिन्ही ठिकाणी चालणारी वाहने आपल्या देशात तयार व्हावीत, असा हा माणूस झपाटलेला होता.

पण शरीर थकतेच. १९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० साली ते कामातून बाजूला झाले. १९५२ साली विशाखापट्टणमची गोदी सरकारच्या नव्या कंपनीकडे गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूरला वालचंद वारले. सिंदिया कंपनीही पुढे कर्जात रुतली आणि तिच्या बोटी एकेक करून गेल्या. पण विशाखापट्टणमची गोदी आहे, बंगळूरचा कारखाना आहे, विश्रामबागेतले कॉलेज आहे.

आणि तारीखही आहे. १९६४ पासून दरवर्षी ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आठवते ना ती तारीख? मोडीत निघालेल्या, तोट्यात गेलेल्या त्या जुन्या लॉयल्टीची! सरकारने दिवस निवडला तो नव्याकोऱ्या जलउषेचा नाही. जुन्या बोटीने बंदर सोडले, तो निवडला.

आता त्या ट्रॅक्टरकडे येतो. जुनी वस्तू घेतली की फायदाच होतो असे मी म्हणणार नाही. लॉयल्टीची हकिगत वाचल्यावर तसे म्हणताच येत नाही. जुने घेताना नीट पाहावे, दुरुस्तीचा हिशेब आधीच धरावा, आणि नाहीच जमले तर हट्ट न करता दुसरा मार्ग धरावा, हे वालचंदांकडून शिकण्यासारखे आहे. पण ज्याला नवे परवडत नाही त्याने हात बांधून बसावे का? आणि त्याने जुने आणले म्हणून आपण हसावे का? याचे उत्तर तुम्हीच द्या.

परवा रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. ट्रॅक्टर अंगणात विटांवर चढवून ठेवलेला. वडील खाली झोपून काहीतरी सोडवत होते, आणि हा पठ्ठ्या हातात पाने घेऊन उभा. कुठला पाना किती नंबरचा, हे त्याला आता न बघता सांगता येते. तुमच्यातल्या किती जणांना येते? इंजिन अजून सुरू झालेले नाही. डिझेल पंप दुरुस्तीला सांगलीला दिला आहे. सुरू होईल की नाही, हे मलाही ठाऊक नाही. वडिलांनी चहा दिला, आम्ही तिघेही चाकाशी बसून प्यालो.

निघताना पाहिले तर चिडवणाऱ्यांपैकी दोघे जण कुंपणाशी उभे होते. आत यायला लाजत होते. मी त्यांना आत बोलावले नाही. त्या मुलानेच बोलावले, आणि एकाच्या हातात रॉकेलचे डबडे दिले, दुसऱ्याच्या हातात चिंधी.

तुमचे,
गुरुजी

(सातवीच्या मुलांसाठी काम : भारताच्या नकाशात सोलापूर, मुंबई आणि विशाखापट्टणम शोधा. घरात जुनी विकत घेतलेली एखादी वस्तू असेल, तर ती कुणी आणली, कशी दुरुस्त केली आणि किती वर्षे चालली, ते घरच्यांना विचारून वहीत दहा ओळी लिहा. चांगल्या ओळी पुढच्या अंकात लावू.)